पॅडलबोर्डची मापं: दोन इंचांनी नेमकं काय बदलतं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं कुटुंब आहे. विचारणारा नवरा, ८८ किलो, उंची पाच फूट दहा इंच. बायको ५६ किलो, पाच फूट दोन इंच. मुलगी नऊ वर्षांची, ती कधीमधी पुढे बसणार. उभं राहून वल्हवायचा, हवा भरायचा बोर्ड घ्यायचाय, आणि एकच. नेहमीचं पाणी पवना धरणाचं, वर्षातून एकदोनदा तारकर्ली-देवबाग. समोर तीन पर्याय आहेत: साडेदहा फुटी ३२ इंच रुंद, साडेअकरा फुटी ३४ इंच रुंद, आणि साडेबारा फुटी ३० इंच रुंद. तिन्ही ६ इंच जाड. दुकानदार सांगतोय, "जितके लिटर जास्त तितका बोर्ड स्थिर, डोळे झाकून मोठा घ्या."

मी देवबागला बारा वर्षं लोकांना बोर्डवर उभं करतोय, म्हणजे बारा वर्षं लोकांना पाण्यात पडताना बघतोय. दुकानदाराचं वाक्य मला दर हंगामात निदान वीसदा तरी ऐकायला मिळतं. म्हणून आधी लिटरचाच निकाल लावू.

एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात एक किलो तोलतं, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. तुम्ही ८८, बोर्ड-वल्हं मिळून दहाएक, म्हणजे ९८ किलो. तरंगायला तुम्हाला ९८ लिटर पुरेत. साडेदहा फुटी, ६ इंची बोर्ड मुळात ३०० लिटरच्या आसपास असतो. बाकीचे दोनशे लिटर पाण्याच्या वर, हवेत आहेत. तुम्ही उभे राहिलात की १५ सेंटीमीटर जाडीतले पाचेक सेंटीमीटर बुडतात आणि दहा वर राहतात. आता ३०० ऐवजी ३५० लिटरचा बोर्ड घेतलात तर ते वरचे पन्नास लिटर तुमच्या तोलासाठी काय करणार? काहीच नाही. उलट जादा लिटर जाडीतून आले असतील तर तुमचे पाय पाण्यापासून आणखी वर जातात आणि डुगडुग वाढते. लिटरचा आकडा महत्त्वाचा असतो तो फायबरच्या कडक बोर्डांत, विशेषतः लाटांवर चालवायच्या छोट्या बोर्डांत. तिथे आकारमान वजनाच्या जेमतेम सव्वा-दीडपट असतं आणि चार-पाच लिटरनेही फरक कळतो. हवेच्या बोर्डवर तो आकडा वाचून सोडून द्यायचा.

मग तोल कशावर असतो? रुंदीवर. आणि तोही सरळ पटीत नाही, घनाच्या पटीत. जहाज बांधणारे हाच हिशेब करतात. बोर्ड उजवीकडे कलला की उजवी कड जास्त बुडते, म्हणून पाण्याचा आधार उजवीकडे सरकतो आणि बोर्डला परत सरळ ढकलतो. त्याच वेळी तुमचं वजनही उजवीकडे झुकतं आणि आणखी कलंडवायला बघतं. या दोघांची शर्यत म्हणजे तोल. पाण्याची बाजू रुंदीच्या घनाने बळकट होते. ३० इंचांवरून ३२ वर गेलात तर वाढ फक्त दोन इंचांची दिसते, पण ३२ भागिले ३०, त्याचा घन म्हणजे १.२१. एकवीस टक्के जास्त जोर. ३० वरून ३४ वर गेलात तर जवळजवळ पंचेचाळीस टक्के. लांबी वाढवून तेवढाच तोल मिळवायचा तर साडेदहा फुटी बोर्ड पंधरा फुटांचा करावा लागेल.

आता तुमची बाजू. माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. पाच फूट दहा इंचांच्या माणसाचा साधारण एक मीटर उंचीवर, त्यात बोर्डची जाडी धरा. मी वहीत तुमच्यासाठी ढोबळ आकडे मांडले. ३२ इंची बोर्डवर ८८ किलोचा माणूस ताठ उभा, अंग पुतळ्यासारखं कडक, असं धरून पाण्याच्या बाजूतून तुमची बाजू वजा केली तर उत्तर शून्याच्या थोडं खाली येतं. म्हणजे तुमच्याऐवजी तुमच्याच मापाचा पुतळा उभा केला तर तो आपोआप कलंडेल. तुम्ही उभे राहता ते घोटे, गुडघे आणि कंबर क्षणोक्षणी हिशेब दुरुस्त करत असतात म्हणून. पहिल्या दिवशी पाय थरथरतात ते याचमुळे. ते शरीर काम करत असतं. ३४ इंचांवर तेच उत्तर शून्याच्या थोडं वर जातं. पुतळाही तग धरेल, असं.

तुमच्या पत्नीचे आकडे त्याच ३२ इंची बोर्डवर घातले तर चित्रच वेगळं. वजन कमी, त्यामुळे पाण्याच्या आधाराचा वाटा मोठा. उंची कमी, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली. त्यांच्यासाठी तो बोर्ड जवळजवळ तराफा आहे. एकाच बोर्डवर बायको पहिल्या दहा मिनिटांत वल्हं मारायला लागते आणि व्यायामशाळेत जाणारा नवरा तिसऱ्यांदा पाण्यात असतो, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी नवरेमंडळींना आधीच सांगून ठेवतो. यात कौशल्याचा भाग कमी आणि गणिताचा जास्त आहे. (हे ऐकून कुणाचाही चेहरा खुललेला मी पाहिलेला नाही.)

गुडघ्यांवर बसलात की गुरुत्वमध्य जवळपास निम्म्याने खाली येतो. वारा सुटला, मोटरबोटीची लाट आली की गुडघ्यांवर बसायला मी का सांगतो, ते यावरून कळेल. त्यात कमीपणा काही नाही.

आमच्याकडच्या मच्छीमारांना हे घनाचं गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण उलांडी त्यांनाच सुचली. अरुंद होडी, बाजूला आडवी लाकडं आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर टेकलेला ओंडका. होडी अरुंदच राहते, वल्ह्याला हलकी, आणि रुंदी बाहेरून उसनी घेतलेली. मी सुरुवातीच्या वर्षांत हौसेने एक जुना शर्यतीचा बोर्ड घेतला होता, १४ फूट लांब आणि २५ इंच रुंद. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "तुम्ही तर शिकवता, तुम्हाला काय अवघड." कर्लीच्या खाडीत पहिल्या सकाळी मी सतरा वेळा पडलो. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेले एक काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे, ह्येका आधी उलांडी बांध, मगे उभो रव." त्या बोर्डवर नीट उभा राहायला मला दोन महिने लागले. आज तो माझा आवडता बोर्ड आहे, पण विद्यार्थ्याला मी तो हात लावू देत नाही.

रुंदीचा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगा. पाटीवर लिहिलेली रुंदी ही फक्त सर्वांत रुंद जागेची असते. दोन्ही बोर्ड ३२ इंची असले तरी एकाची टेल, म्हणजे मागचं टोक, चौकोनी आणि भरलेली असते, दुसऱ्याची माशाच्या शेपटीकडे जावी तशी निमुळती. चौकोनी टेलचा बोर्ड कितीतरी स्थिर वाटतो, कारण रुंदी त्याच्या बऱ्याच लांबीभर टिकलेली असते. दुकानात जाताना मोजपट्टी न्या. टेलपासून एक फूट आत आणि नोजपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, एक फूट आत, दोन्ही ठिकाणी रुंदी मोजा. हे दोन आकडे पाटीवरच्या आकड्याइतकेच कामाचे.

एवढं सगळं असेल तर सरळ ३६ इंची का घेऊ नये? कारण वल्हं. वल्हं जितकं उभं पाण्यात जाईल तितका बोर्ड सरळ पुढे जातो. बोर्ड रुंद असेल तर हात बाहेर लांबवावा लागतो, वल्हं तिरकं पडतं, आणि प्रत्येक फटक्याला नाक दुसऱ्या बाजूला वळतं. पाच फूट दोन इंचांच्या बाईला ३४ इंची बोर्डवर हे लगेच जाणवतं. तासाभराने खांदा बोलायला लागतो. शिवाय रुंद बोर्ड पाण्याला जास्त घासतो. तुमच्या यादीतला ३४ इंची पर्याय साडेदहा फुटीपेक्षा पाण्याला टेकणारं क्षेत्रफळ पंधरा-सतरा टक्के जास्त घेऊन चालतो, आणि आरामात वल्हवताना बहुतेक रोध या घासण्याचाच असतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. सपाट, रुंद बोर्ड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. पाणी शांत असेल तर हे वरदान. पण खाडीत मोटरबोटी ये-जा करत असतात, आडव्या छोट्या लाटा येतात. तेव्हा पृष्ठभाग तिरका झाला की रुंद बोर्डही तितकाच तिरका होतो आणि झटका देतो. थोडा अरुंद, तळाला गोलसर बोर्ड लाटेला खालून जाऊ देतो. शांत पाण्यात तो सुरुवातीला डळमळीत वाटतो, पण खवळलेल्या पाण्यात अनुभवी माणसाला तोच बरा पडतो. ताठपणे स्थिर वाटणं आणि कललेल्या अवस्थेत सावरायला जागा मिळणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिक्याला पहिली हवी असते, दोन वर्षांनी दुसरी.

आता लांबी. सगळ्यांना वाटतं, लांब बोर्ड म्हणजे वेगवान बोर्ड. अर्धं खरं आहे. पाणी कापत चालणारी कुठलीही होडी एका वेगाच्या पुढे स्वतःच्याच लाटेत अडकते, आणि तो वेग लांबीच्या वर्गमुळावर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). साडेदहा फुटांना हा वेग ताशी ८ किलोमीटर येतो, साडेबारा फुटांना ८.८, शर्यतीच्या १४ फुटांना ९.३. तुम्ही पवनेवर गप्पा मारत, मधेच तिकोन्याकडे बघत जाल तेव्हा ताशी चार-साडेचारने जाल. घाम गाळलात तर सहा. म्हणजे साडेदहा फुटी बोर्डचं छतसुद्धा तुमच्या डोक्याला लागणार नाही. लांबी वाढवून वाढवलेलं छत घेऊन काय करणार?

लांबीचा तुम्हाला खरा फायदा आहे तो सरळ जाण्याचा. एका बाजूने वल्हं मारलं की नाक दुसऱ्या बाजूला वळायला बघतं. लांब बोर्ड त्याला विरोध करतो. माझ्याकडच्या नवशिक्यांना साडेदहा फुटीवर तीन-चार फटक्यांनंतर बाजू बदलावी लागते, साडेबारा फुटीवर सात-आठ फटके एका बाजूला निघतात. दोन तासांच्या फेरीत हा फरक दंडांना कळतो. एका फटक्यात मिळणारी धावही जास्त. पण लांब बोर्ड वळवायला जड, गाडीवर बांधायला अवघड, आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाटेतून बाहेर काढताना त्याचं नाक लाटेत खुपसतं. त्यासाठी नोजला चांगली उचल हवी, आणि शांत पाण्यावर चालायला बनवलेल्या लांब बोर्डांत ती कमी असते.

साडेबारा-३० हा तुमच्या यादीतला सर्वांत देखणा बोर्ड असणार, माझी खात्री आहे. तो मात्र आत्ता घेऊ नका. ८८ किलो आणि ३० इंच, त्यावर पवनेचा दुपारचा वारा, म्हणजे तिसऱ्या शनिवारी बोर्ड माळ्यावर.

जाडीबद्दल जरा वेगळा विचार करावा लागतो. वर म्हटलं तसं पातळ बोर्डवर पाय पाण्याजवळ राहतात, तोल सुधारतो. पण हवेचा बोर्ड म्हणजे दोन कातड्या आणि मध्ये हजारो धाग्यांनी धरलेली हवा. दोन कातड्यांतलं अंतर वाढलं की ताठपणा जवळपास वर्गाच्या पटीत वाढतो. पावणेपाच इंचांवरून ६ इंचांवर गेलं की दीडपटीच्याही वर. ८८ किलोचा माणूस पावणेपाच इंची बोर्डच्या मध्यावर उभा राहिला तर बोर्डचं केळं होतं: मध्ये बुडतो, दोन्ही टोकं वर उचलली जातात. टोकं पाण्याबाहेर गेली म्हणजे तुम्ही पैसे साडेदहा फुटांचे दिले आणि चालवताय आठ फुटांचा. तेव्हा तुमच्यासाठी ६ इंच बरोबर. फक्त पत्नीसाठी घ्यायचा असता तर मी पावणेपाच सुचवला असता. वाऱ्यात तोही फायद्याचा. ६ इंची बोर्डची पाण्यावरची बाजू तुमच्या अंगाच्या निम्म्याएवढं शीड असते, हे लक्षात राहू द्या.

हा ताठपणा हवा पुरेशी भरली तरच मिळतो. बहुतेक बोर्डना १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतात. हातपंपाने १० पर्यंत सहज जातं, त्यानंतर प्रत्येक पीएसआयला कपाळावरून घाम टपकतो आणि लोक "झालं की" म्हणून थांबतात. माझ्याकडे "बोर्ड डुगडुगतो" म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या पंपाने मिटतात. नवा बोर्ड घेण्याआधी पंपाचा काटा बघा. तापल्या वाळूवर १५ भरून बोर्ड पाण्यात टाकला की हवा थंड होऊन एक-दीड पीएसआय उतरतो. उलट, भरलेला बोर्ड दुपारी उन्हात ठेवला तर तीनेक चढतो. पहिली चूक फक्त त्रासदायक. दुसरीने शिवण सुटलेली मी पाहिली आहे.

फिन म्हणजे बोर्डच्या तळाला मागे लावायचं पातं, त्याबद्दल फार बोलत नाही. मधली ९ इंची फिन सरळ जायला चांगली, आणि बोर्डचं डुलणंही थोडं मंदावतं. पण ओहोटीला कर्लीच्या खाडीत वाळूचे पट्टे इतके वर येतात की ९ इंची फिन अचानक रुतते, बोर्ड थांबतो, तुम्ही थांबत नाही. सहा-साडेसहा इंचांची एक जादा फिन पिशवीत ठेवा. जलपर्णी असलेल्या पाण्यात मागे झुकलेली फिन लावायची, उभी लावली तर अख्खं रान गोळा करत फिराल.

आता निवड. मला विचाराल तर साडेअकरा फुटी, पण ३२-३३ इंच रुंद आणि टेल भरलेली, असा शोधा. असे बोर्ड मिळतात, आणि तुम्हा दोघांच्या मधलं ते माप आहे. तुमच्या यादीतलेच तीन असतील तर साडेअकरा-३४ घ्या. कारण एकच बोर्ड दोघांत असेल तर रुंदी जो जास्त पडणार त्याच्या हिशेबाने घ्यावी. पडून कंटाळलेला माणूस येणं थांबवतो आणि मग बोर्डही येत नाही. पत्नीच्या खांद्याचं काय? त्यांच्याकडे तोल शिल्लक आहे, तो त्यांनी खर्च करावा: ज्या बाजूने वल्हं मारायचं त्या बाजूला दोन-तीन इंच सरकून उभं राहायचं. बोर्ड थोडा कलतो, कड जवळ येते, वल्हं उभं पडतं. तुम्ही हे करू नका, लगेच कळेल का ते. दोघांसाठी कमीजास्त करता येणारं वल्हं घ्या, उंचीपेक्षा सात-आठ इंच जास्त लांबीवर लावा. त्या चालवणार असतील तेव्हा ते कमी करायला विसरू नका. रुंद बोर्ड आणि लांब वल्हं एकत्र आलं की खांदा गेलाच.

पत्नीच जास्त वेळा जाणार असतील, आणि तुम्ही अधूनमधून, तर मात्र उत्तर बदलतं. मग साडेदहा-३२. तुम्ही चार-पाच रविवार पडाल आणि मग शिकाल. ३२ इंच ८८ किलोला अशक्य अजिबात नाही.

मुलीला पुढे बसवाल तेव्हा तिला नोजवर नको, तुमच्या पायांच्या दीड-दोन फूट पुढे मांडी घालून बसवा. तिचं वजन खाली असल्यामुळे तोल फारसा बिघडत नाही, पण नाक खाली जातं. तुम्ही अर्धं पाऊल मागे सरका. टेलजवळ पाण्याची खळखळ ऐकू आली तर जास्त मागे गेलात. जीवरक्षक जाकीट तिघांनाही, धरणातसुद्धा. आणि बोर्ड हातचा जाऊ नये म्हणून पायाला बांधायची दोरी असते, ती खाडीत वापरू नका. कंबरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी घ्या. ओहोटीच्या ओढीत मासेमारीच्या खुंटाला किंवा नांगरलेल्या होडीच्या दोराला पायाची दोरी अडकली तर वाकून ती सोडवता येत नाही.

पैसे देण्याआधी दोन्ही मापांचे बोर्ड तासभर भाड्याने घेऊन बघा. कंबरभर पाण्यात, काट्यावर १५ बघून, आधी नुसते उभे राहा. मग डोळे मिटून दहापर्यंत मोजा. दहाच्या आत पडलात तर तो बोर्ड तुमच्यासाठी आज अरुंद आहे. नंतर एकाच बाजूने पाच फटके मारा आणि नाक किती वळलं ते बघा. पत्नीनेही हेच करायचं, तुमच्या सूचनांशिवाय.

देवबागला याल तेव्हा उधाणाचे दिवस टाळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ पाण्याला ओढ फार असते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा या. सकाळी साडेसातला खाडीत उतरा. खारे वारे अकराच्या आसपास जोर धरतात, त्याआधी बोर्ड वाळूवर आणि तुम्ही चहाला.